दौरा संपतो तो गोपाळपूरला

टीव्हीवरची वारी एकादशीच्या पहाटे संपते. मुख्यमंत्र्यांची शासकीय महापूजा, मानाच्या वारकरी दांपत्याचा सत्कार, चंद्रभागेच्या वाळवंटावरून फिरणारा ड्रोन, एवढं दाखवून झालं की वाहिन्यांच्या गाड्या परतीच्या रस्त्याला लागतात. द्वादशीला उपवास सुटतो आणि पंढरपुरातली गर्दीही झपाट्याने ओसरते. दिंडीतल्या टाळकऱ्यांचा मुक्काम मात्र हललेला नसतो. त्यांचा अजून एक दिवस बाकी असतो, आषाढी पौर्णिमेचा. २०२५ साली एकादशी ६ जुलैला होती आणि पौर्णिमा १० जुलैला. मधले दिवस मठात, तंबूत, कीर्तनं ऐकत आणि कीर्तनाच्या मागे उभं राहत काढायचे, पौर्णिमेला सकाळी पंढरपुराजवळचं गोपाळपूर गाठायचं, तिथे काला, म्हणजे दह्यात कालवलेल्या लाह्यांचा प्रसाद, घ्यायचा आणि मगच पिशव्या भरायच्या. काल्याआधी निघालेल्याची वारी अर्धी, असं जुने वारकरी मानतात. दिंडीतली तरणी पोरंही ते मुकाट्याने मानतात. घरी कोळपणी खोळंबली असली तरी.

या टाळकऱ्यांतले काही परतूरकडून येतात. परतूर हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याआधी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. पंढरपूर इथून अडीचशे किलोमीटरांहून जास्त लांब. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब शेजारच्या घनसावंगी तालुक्यात आहे, तरी या मुलखात संध्याकाळी मारुतीच्या पारावर ऐकू येतो तो बहुतेक वारकऱ्यांचा हरिपाठ. मारुती समर्थांचा, हरिपाठ ज्ञानोबांचा. गावाला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मृग बरसला, सरकी आणि सोयाबीन जमिनीत गेलं की परतूर, मंठा, घनसावंगी या पट्ट्यातून माणसं निघतात. काही दिंड्या अंबड, गेवराई, बीड, बार्शी अशी वाट धरून थेट पंढरपूर गाठतात. काही जण आधी आळंदीला जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात चालतात. २०२५ ला माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघाली. म्हणजे पौर्णिमा उजाडेपर्यंत या पोरांचं गाणं तीन आठवडे रोज चालू असतं. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, वाटेत वाराचे अभंग, गौळणी, मुक्कामाला हरिपाठ आणि रात्री कीर्तन. हा क्रम ठरलेला. लहर लागली म्हणून कोणी मधेच दुसरं काही म्हणत नाही.

हे गाणं शिकावं लागतं. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ च्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम: गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, थोडं संस्कृत, आणि त्याच्या जोडीने चाली नि पखवाज. विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून राहायचं, अशी तिथली जुनी शिस्त. पुढे आळंदीत अशा लहानमोठ्या संस्था वाढत गेल्या आणि त्यात मराठवाड्यातली मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली. घरची शेती कोरडवाहू, भावंडं दोन-तीन. एकाला आळंदीला धाडलं तर तो निदान कीर्तनकार होईल, नाहीतर मृदंग तरी वाजवील, हा हिशेबही त्यामागे असतो. भक्तीच्या गोष्टीत हिशेब काढणं काहींना आवडायचं नाही; पण पोराला पाठवणारा बाप हिशेब करूनच पाठवतो.

दिंडीची रचना पाहिली तर हा सरळसरळ चालता गायकवृंद आहे. पुढे पताकावाले, त्यांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगा, रांगांच्या मध्ये मृदंग, नंतर विणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अभंग कोणी उचलायचा हे ठरलेलं असतं; बाकीचे ध्रुपद धरतात. मागची रांग ध्रुपद ओढून धरायला लागली की मृदंगवाला मान न वळवता ठेका थोडा चढवतो आणि सगळे जाग्यावर येतात. विणेकऱ्याला दिंडीत मान असतो. वीणा पहाऱ्याने चालते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग पासष्टीतला म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो, आणि पोरगा तेवढाच खाली वाकलेला असतो. हाक सगळ्यांना एकच: माउली.

माउलींच्या सोहळ्यात शिस्तीची परीक्षा संध्याकाळी समाज आरतीला होते. साऱ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात. चोपदाराने दंड वर केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, हरवलं-सापडलं पुकारलं जातं आणि मग आरती. तक्रारीचा अर्जसुद्धा तालात द्यायचा, ही सोय कुठल्या कचेरीने अजून उचललेली नाही. या सोहळ्याची घडी बसवली साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते आधी शिंदे सरकारांच्या पदरी होते, आणि फौजेतली ती शिस्त आजही तळावर दिसते.

तर पौर्णिमेची पहाट. पंढरपुरात दिंड्या उतरतात त्या मठांमध्ये, ओळखीच्या वाड्यांत, किंवा नदीपलीकडच्या ‘पासष्ट एकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भक्तिसागर तळावर. तीन वाजता काकडा सुरू होतो तेव्हा गळे पुरते बसलेले असतात. खिशात खडीसाखर, ज्येष्ठमधाची कांडी, एखाद्याकडे लवंग. वरच्या पट्टीतली पोरं आता खालच्या पट्टीत गातात आणि खालच्या पट्टीतले नुसते ओठ हलवतात. टाळाचा आवाज सगळं झाकून घेतो.

मृदंगवाल्याचं काम वेगळं. तीन आठवड्यांच्या पावसाने पुडी ओली आणि ढिली झालेली असते. वाटेत वर प्लास्टिकचा कागद गुंडाळला तरी ओल शिरतेच. पहिल्यांदा तो डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक अंगठ्याच्या नखाने खरवडून काढतो. मग दिंडीच्या भटारखान्यातून लिंबाएवढा कणकेचा गोळा आणून, पाण्याचा हात लावून, मधोमध थापतो. एक थाप मारून ऐकतो. आवाज जड वाटला तर थोडी कणीक काढतो, पोकळ वाटला तर चिमूटभर वाढवतो. नंतर मांडीवर आडवा घेऊन वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकत उजवी बाजू चढवतो. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना या कणकेचा हिशेब ठाऊक असतो. शेवटच्या दिवशी पीठ संपत आलेलं असतं, तरी मृदंगाचा गोळा त्या बाजूला काढून ठेवतात.

गोपाळपूर पंढरपुरापासून दीड-दोन किलोमीटरवर, छोट्याशा टेकडीवर आहे. भोवती दगडी तट, वर जायला पायऱ्या, आत गोपाळकृष्णाचं देऊळ. जनाबाईचं जातं म्हणून एक जातं इथे दाखवतात आणि भाविक बाया त्याचा खुंटा धरून एक-दोन फेरे देतात. त्याच्या अलीकडे भीमेच्या पात्रात विष्णुपद. मार्गशीर्षात विठ्ठल तिथे राहायला जातो असा समज असल्याने त्या महिन्यात पंढरपूरकर तिकडे जेवणाचे डबे घेऊन जातात. पौर्णिमेच्या सकाळी मात्र सगळ्यांची तोंडं गोपाळपूरकडे. पालख्या एकामागून एक येतात, देवळाला प्रदक्षिणा होते आणि दिंड्या जागा मिळेल तिथे उभ्या राहतात: तटाच्या कडेला, पायऱ्यांवर, खालच्या चिखलात.

काल्याचं कीर्तन इतर कीर्तनांहून हलकं असतं. विषय कृष्णाच्या बाळलीलांचा, गोपाळांच्या शिदोरीचा. निरूपण लांबत नाही, कारण ऐकणाऱ्यांचं निम्मं लक्ष हंडीकडे असतं. पोरं पावली खेळतात, फुगडी घालतात, हुतूतू होतो. वाटभर शिस्तीत चाललेल्या टाळकऱ्यांना आज कोणी ओरडत नाही. दह्यात कालवलेल्या लाह्या हातावर येतात. त्या स्वतःच्या तोंडात घालायच्या नसतात. “घ्या माउली,” म्हणून समोरच्याच्या तोंडात घास द्यायचा, त्याने आपल्या तोंडात द्यायचा, मग एकमेकांना आलिंगन आणि एकमेकांच्या पायाला हात. रस्त्यात झोपायच्या जागेवरून ज्याच्याशी भांडण झालं होतं त्याला शोधून काढून घास देणारेही असतात. तीन आठवड्यांत चाळीस-पन्नास माणसं एका मालमोटारीच्या आधाराने राहिली की भांडणं होतातच; पाण्यावरून, पांघरुणावरून, भिशीच्या पैशांवरून.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काल्याचं वर्णन करताना ती हमखास वगळली जाते. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘परिपूर्ती’ या संग्रहात त्यांनी त्यावर लिहिलं. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे बरोबर गातात, बरोबर चालतात आणि जेवायला वेगळे बसतात, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे गोपाळपूरला काला वाटला जात होता त्या शतकांमध्ये चोखोबांच्या जातभाईंना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. आज दिंडीतल्या पंगती पुष्कळ बदलल्या आहेत, सगळीकडे सारख्या बदलल्या असं म्हणवत नाही. वीस वर्षांच्या टाळकऱ्याला कर्वेबाईंचा लेख शाळेत शिकवला तर बरं होईल. त्याला काल्याचा घास कमी गोड लागणार नाही.

जगात इतरत्र तरुणांचे गायकवृंद दौऱ्यावर निघतात तेव्हा शेवटचा दिवस बहुधा निकालाचा असतो. वेल्समधल्या लँगोलेन गावी १९४७ पासून आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धा भरते. १९५५ साली इटलीतल्या मोदेना शहराचा एक वृंद तिथे आला आणि पहिला आला. त्या वृंदात एक बेकरीवाला आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा बरोबर गात होते. मुलाचं नाव लुचानो पावारोत्ती. त्या विजयाने आपल्याला गायक व्हायचं बळ दिलं, असं ते जगप्रसिद्ध झाल्यावरही सांगत. आपल्याकडचं उदाहरण शिलाँग चेंबर क्वायरचं. नील नाँगकिनरिह यांच्या हाताखाली तयार झालेली ही खासी तरुण मंडळी २०१० च्या जुलैमध्ये चीनमधल्या शाओशिंगला जागतिक गायकवृंद स्पर्धेत गेली आणि तीन सुवर्णपदकं घेऊन आली.

परतूरच्या टाळकऱ्याने यातलं एकही नाव ऐकलेलं नसतं, आणि शाओशिंगच्या परीक्षकांना त्याची चाल कुठल्या गटात बसवावी हे कळलं नसतं. त्याच्या गाण्याला समोर श्रोतेच नसतात. रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माणसं पाया पडतात, केळी देतात, पाय चेपून देतात. ऐकायला म्हणून कोणी थांबत नाही, फार तर चार पावलं बरोबर चालून तोंडातल्या तोंडात म्हणतात. गाणारा आणि ऐकणारा एकच असल्यामुळे निकाल लावणार कोण? त्यामुळे शेवटच्या दिवशी उरतं ते जेवण. या चालण्यावर लिहिणारे आणि चित्रपट करणारेही झाले. फ्रेंच जेझुइट गी दलरी विठोबाच्या पंथावर संशोधन करायला आले आणि पालखीबरोबर चालले. १९६० मध्ये त्यांचं पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापलं. जर्मनीचे गुंथर सोंथायमर यांनी वारीवर चित्रपट केला. दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ १९६४ चं. ज्याला हा प्रवास वाचून समजून घ्यायचा आहे त्याने मोकाशींपासून सुरुवात करावी. ते श्रद्धाळूही नाहीत आणि टिंगलही करत नाहीत. पायाला आलेले फोड मात्र नीट लिहितात.

काला झाला की त्याच दिवशी संतांच्या पादुका विठ्ठलाच्या भेटीला मंदिरात जातात आणि पालख्या परतीला लागतात. येताना अठरा-वीस दिवस घेणारी माउलींची पालखी परत जाताना दहा-अकरा दिवसांत आळंदी गाठते. मजला लांब, माणसं मोजकी, स्वागताच्या कमानी उतरलेल्या. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा पायीच. सुमारे सातशे वारकरी, त्यात अडीचशे टाळकरी, सगळे पांढऱ्या कपड्यांत. परतीला ती बीड, गेवराई, शहागडवरून जालना जिल्ह्यात शिरते आणि अंबड, जालना करत सिंदखेडराजाकडे निघते. परतूर या वाटेवर नाही. तरी पंढरपूरहून एस.टी.ने आधीच घरी पोचलेले कितीतरी जण पालखी जालन्याला आली की पुन्हा दर्शनाला जातात.

बाकीच्या दिंड्यांची परतीची वाट गाडीची. दुपारपर्यंत तंबू उतरतात, पातेली घासून मालमोटारीत चढतात, भिशीचा हिशेब वहीत मांडून सगळ्यांसमोर वाचला जातो. मग बाजार. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा. गल्लीतल्या प्रत्येक घरी प्रसादाची पुडी जाणार म्हणून चुरमुऱ्यांचं पोतंच घ्यायचं. पोरांचे पाय मात्र टाळ-मृदंगाच्या दुकानांशी अडतात. दोन टाळ एकमेकांवर हलकेच टेकवून कानाशी धरायचे, नाद किती वेळ टिकतो ते ऐकायचं, किंमत विचारायची आणि खाली ठेवायचे. चौथ्या-पाचव्या दुकानात एखादी जोडी घेतली जाते. दोरी तिथेच ओवून मिळते.

यात्रेच्या काळात एस.टी. महामंडळ पंढरपूरभोवती तात्पुरती स्थानकं उभारतं. अलीकडच्या वर्षांत मराठवाडा आणि विदर्भाच्या गाड्या देगावजवळच्या भीमा यात्रा स्थानकातून सुटतात. चाळीसहून जास्त प्रवासी एका गावचे असतील तर गाडी थेट गावातून मिळते, पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं. या सवलतीनंतर दिंडीतल्या म्हाताऱ्या आता मुलाकडे पैसे मागत नाहीत, असं गावोगाव ऐकायला मिळतं. रेल्वेने जायचं तर कुर्डूवाडी, लातूर, परळीवरून परभणी गाठायची आणि तिथे गाडी बदलून मानवत रोड, सेलू करत परतूरला उतरायचं. एके काळी कुर्डूवाडी ते पंढरपूर हा बार्शी लाइटचा टप्पा होता, १९०६ साली सुरू झालेला. वाफेच्या त्या छोट्या गाडीतून वारी केलेली माणसं अजून आहेत आणि ब्रॉडगेजला ती मजा नाही, असं ठासून सांगतात.

पोरं घरी पोचतात तोवर पंढरपुरात उरलेसुरले कार्यक्रम चालू असतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हरिदास घराण्याचा महाद्वार काला होतो आणि यात्रेची सांगता होते. त्यानंतर प्रक्षाळपूजा. यात्रेत दर्शन चोवीस तास चालू असतं म्हणून देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो. तो परत येतो. दिवसरात्र उभं राहून देव दमला, म्हणून त्याच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात आणि रात्री औषधी वनस्पतींचा काढा दाखवतात. परतूरकडच्या शेतात त्याच दिवसांत कोळपं चालू असतं. दमलेल्या टाळकऱ्याच्या हाती घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं येतं.

ज्यांना वारीतला हा शेवटचा दिवस पाहायचा असेल त्यांनी एकादशीचा हट्ट सोडावा आणि पौर्णिमेला सकाळी आठच्या आत गोपाळपूरला उभं राहावं. राहायला जागा मिळते, रस्ते मोकळे होऊ लागलेले असतात आणि घास भरवणारे अनोळखी हात वाट्टेल तेवढे. आषाढात जमलं नाही तर कार्तिकी पौर्णिमेलाही काला असतो. तेव्हा परतूर-मंठ्याकडची माणसं कमी दिसतात, कारण त्या दिवसांत कापूस वेचणीला येतो.